पळते किती ते नको, थांबते कशी ते सांगा!

नवी गाडी दाराशी आली की शेजारीपाजारी गोळा होतात आणि प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. "किती पळते?" "लिटरला किती देते?" "रंग हाच का घेतला?" परंतु "थांबते कशी?" असे विचारणारा शेजारी मला अजून भेटायचा आहे. माझे सारे आयुष्य एका कारखान्याच्या देखभाल खात्यात गेले. त्यामुळे असेल कदाचित, पण कोणतेही फिरते यंत्र पाहिले की ते थांबवायचे कसे, हा विचार माझ्या मनात आधी येतो. आमच्या सौभाग्यवतींच्या मते हा स्वभावदोष आहे. स्वतःच्या लग्नाच्या वरातीतही मी बँडपेक्षा मोटारीच्या चाकांकडेच जास्त लक्ष देत होतो, असे त्या माहेरी अजून सांगतात.

त्यांच्या त्या माहेरीच हा स्वभावदोष अखेर कामी आला. माझ्या मेव्हण्याची रत्नागिरी जिल्ह्यात आंब्याची बाग आहे. कलमे सगळी डोंगरउतारावर, वरून जांभ्याचा कातळ आणि खाली खाडी. करंड्या डोक्यावर वाहून गडी थकतात म्हणून त्याने एक जुनी एटीव्ही विकत घेतली. मी निवृत्त झालेला, हातात पाने-पकडी धरल्याशिवाय करमत नसलेला. तेव्हा तिच्या प्रकृतीची जबाबदारी आपोआपच माझ्याकडे आली.

एटीव्ही म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मोटारसायकलसारखे हँडल, घोड्यावर बसावे तशी बैठक आणि फुग्यासारखे जाडजूड चार टायर. वाळू, चिखल, दगडधोंडे, चढउतार कशालाही ती भीत नाही. होंडा कंपनीने १९७० साली अमेरिकेत अशा फुगीर टायरांची तीनचाकी विकायला काढली. पुढे १९८२ साली सुझुकीने चारचाकी आणली. तीनचाकी उलटून इतके अपघात झाले की १९८८ साली अमेरिकेत उत्पादकांनी सरकारशी करार करून तिची नवी विक्रीच बंद केली. आज आपल्याकडे अलिबागजवळच्या नागावसारख्या किनाऱ्यांवर सुट्टीत मुलांना चक्कर मारायला मिळते ती हीच चारचाकी. म्हणजे बाग नसलेल्या शहरी माणसाचाही तिच्याशी संबंध येतो, आणि तोही आपल्या पोराबाळांसकट. म्हणूनच तिच्या ब्रेकविषयी चार गोष्टी सांगाव्यात असे मनात आले.

एक लिटर पाण्याचे आधण

ब्रेक करतो काय? गाडीच्या वेगाची उष्णता करतो, एवढेच! थंडीत आपण तळहात एकमेकांवर चोळतो त्यातलाच प्रकार. चाकाबरोबर फिरणाऱ्या पोलादी थाळीला दोन्ही बाजूंनी पॅड चिमटीत धरतात, थाळी तापते आणि गाडी थांबते. हा झाला डिस्क ब्रेक. ड्रम ब्रेकमध्ये पातेल्यासारख्या ड्रमच्या आत दोन अर्धगोल शू असतात. ते फाकतात आणि ड्रमला आतून घासतात.

ही उष्णता किती? मेव्हण्याला पटावे म्हणून मी एकदा पाटीवर हिशेब मांडला. गाडी, माणूस आणि करंड्या मिळून ३०० किलो वजन धरा. बागेच्या माथ्यापासून खाडीपर्यंत उंचीचा फरक १०० मीटर. एवढे उतरताना वेग वाढू द्यायचा नसेल, तर सुमारे २ लाख ९४ हजार ज्यूल इतकी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. नुसत्या ब्रेकवर उतरलात तर बहुतेक सगळी ब्रेकमध्येच जिरते. आकड्याने मेव्हण्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. तेव्हा त्याची बहीण मदतीला धावली. "अरे, म्हणजे लिटरभर पाण्याला उकळी आणण्याइतकी आच. सात-आठ कप चहाचे आधण त्या एवढ्याशा थाळ्यांवर!" स्वयंपाकघरातले प्रमाण ऐकल्यावर मात्र तो गंभीर झाला. म्हणून पहिला नियम असा की उतारावर गिअर खालचा ठेवावा, इंजिनाला गाडी धरू द्यावी आणि ब्रेक थांबून थांबून लावावा.

आता हाताच्या चार बोटांचा जोर थाळीपर्यंत पोहोचतो कसा? बहुतेक गाड्यांत तो तेलाच्या नळीतून जातो. कोंडलेल्या द्रवावर एका ठिकाणी दाब दिला की तो सगळीकडे सारखाच पोहोचतो, हे पास्कल या फ्रेंच विद्वानाने सतराव्या शतकातच सांगून ठेवले आहे. हँडलजवळच्या मास्टर सिलिंडरचा दट्ट्या लहान आणि चाकाजवळच्या कॅलिपरचा मोठा. व्यास दुप्पट केला की जोर चौपट होतो. लहान गाड्यांत पुढे मात्र अनेकदा सायकलसारखी तारेची केबल आणि ड्रम असतात. मागची दोन्ही चाके पुष्कळ गाड्यांत एकाच आसावर पक्की बसवलेली असतात आणि त्या आसावर एकच डिस्क असते. म्हणजे मागचा तो एक ब्रेक गेला की दोन चाके गेली!

ब्रेक अचानक जात नाहीत

"अचानक ब्रेक फेल झाले," असे वाक्य आपण वर्तमानपत्रात नेहमी वाचतो. माझा चाळीस वर्षांचा अनुभव सांगतो की ब्रेक बहुधा अचानक जात नाहीत. ते महिनोन् महिने कुरकुरत असतात, ऐकणारा कोणी नसतो. ही कुरकुर ऐकायची कशी, तेच आता क्रमाने सांगतो.

पहिली तपासणी हाताची. गाडी सपाटीवर, इंजिन बंद. लिव्हर हलकेच ओढा. टोकाशी थोडी ढिलाई असतेच. ती किती असावी हे गाडीच्या पुस्तकात दिलेले असते. त्यानंतर दगडासारखा कडकपणा लागला पाहिजे. लिव्हर जर हापूस पिकलाय का म्हणून दाबून पाहावे तशी मऊ लागली, तर नळीत हवा शिरली आहे. कारण तेल दबत नाही, हवा दबते. लिव्हर हँडलला टेकत असेल तर गाडी त्या दिवशी जागची हलवू नका. तिसरी खूण अधिक लबाड आहे. लिव्हर घट्ट धरून मनात तीसपर्यंत आकडे मोजा. ती हळूहळू खाली जात राहिली, तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरमधले रबरी वायसर थकले आहे.

दुसरी तपासणी डोळ्याची. ब्रेक ऑइलच्या डबीला बहुधा एक काचेचा डोळा असतो आणि खालच्या पातळीची रेघ असते. तेल रेघेखाली गेले की लोक वरून ओततात आणि निश्चिंत होतात. हे म्हणजे ताप आल्यावर थर्मामीटर बदलण्यासारखे आहे. तेल उडून जाणारी वस्तू नव्हे. ते कमी झाले, तर एक तर पॅड झिजले आहेत, नाही तर गळती आहे. आधी कारण शोधा. रंगही पाहा. ताजे तेल फिकट मधासारखे असते, ते उकळलेल्या चहासारखे झाले की बदलायची वेळ झाली.

मग चाकाशी बसा. कॅलिपरच्या फटीतून पॅडची जाडी दिसते. अनेक कंपन्या एक मिलिमीटर ही अखेरची मर्यादा देतात. मी मात्र दोन मिलिमीटरलाच नवे घालतो, कारण वाळूत शेवटचा मिलिमीटर फार लवकर संपतो. एक पॅड जाड आणि दुसरा पातळ झालेला दिसला, तर कॅलिपर ज्या खिट्ट्यांवर सरकतो त्या गंजून अडकल्या आहेत. त्या काढून, घासून, ब्रेकसाठी मिळणारे खास ग्रीस लावून बसवाव्यात. साधे ग्रीस रबराला चालत नाही. थाळीवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. त्याखाली ती गेली किंवा तिच्यावर नखाला लागतील अशा खोल चऱ्या पडल्या, की मोह सोडावा. रबरी नळ्यांवर भेगा आहेत का ते पाहावे. हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून त्या ताणतात किंवा घासतात का, तेही पाहावे.

ड्रम असतील तर बाहेरच्या दांडीजवळ अनेकदा एक लहानसा बाण असतो. ब्रेक दाबल्यावर तो ठरावीक खुणेला पोहोचला की आतले लायनर संपले असे समजावे. केबलचा एक जरी पदर उसवला असेल, तरी केबल नवी घालावी. पुढच्या दोन ड्रमांच्या केबली सारख्या ताणलेल्या हव्यात, नाही तर ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढते.

शेवटी चाकांना दगडांची उटी लावून, जॅकवर एकेक चाक उचलून हाताने फिरवावे. ते मोकळे फिरले पाहिजे आणि ब्रेक लावताच गपकन थांबले पाहिजे. फिरताना अडखळत असेल तर थाळी वाकडी आहे. सोडल्यावरही चाक धरून बसत असेल तर दट्ट्या अडकला आहे.

मेव्हण्याच्या गाडीचा हाच रोग होता. आधीच्या मालकाकडे कोणीतरी ब्रेकच्या डबीत इंजिन ऑइल ओतले होते. त्या तेलाने आतली सगळी रबरे फुगली होती. ब्रेक लागत होते, पण सुटत नव्हते. सगळी वायसरे बदलावी लागली. पाच रुपयांची बचत आणि पाच हजारांचा फटका! डबीच्या झाकणावर 'डॉट ३' किंवा 'डॉट ४' असे लिहिलेले असते, त्याच जातीचे तेल आणावे आणि तेही सीलबंद बाटलीतले. 'डॉट ५' हे सिलिकोनचे तेल वेगळ्या कुळातले आहे, ते यात मिसळू नये.

दाब! धर! सोड!

सीलबंद का, याला कारण आहे. डॉट ३ आणि डॉट ४ ही तेले हवेतला ओलावा पितात. पावसाळ्यात उघडी राहिलेली मिठाची बरणी आठवा. नवे डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत आणि डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पण सुमारे पावणेचार टक्के पाणी शोषले की हेच आकडे १४० आणि १५५ पर्यंत खाली येऊ शकतात. मग लांब उतारावर कॅलिपर तापला की तेलात वाफेचे बुडबुडे होतात, वाफ हवेसारखीच दबते आणि सकाळी कडक असलेली लिव्हर भर उतारात लोण्यासारखी होते. म्हणून दोन वर्षांनी तेल बदलावेच, गाडी कितीही कमी चाललेली असो. कोकणाच्या दमट हवेत मी दरवर्षी पावसाळा संपला की बदलतो.

तेल बदलणे आणि हवा काढणे हे दोन माणसांचे काम. एकाने लिव्हर दाबून धरायची. दुसऱ्याने कॅलिपरचे निपल पाव फेरा सैल करायचे, पारदर्शक नळीतून बुडबुडे आणि जुने तेल बाटलीत येऊ द्यायचे. मग निपल आवळायचे आणि त्यानंतरच पहिल्याने लिव्हर सोडायची. हा क्रम चुकला की नळी उलटी हवा ओढते. आमच्याकडे लिव्हरवर सौभाग्यवती आणि निपलशी मी. "दाब! धर! सोड!" असे हुकूम मी त्यांना आयुष्यात फक्त याच वेळी देऊ शकतो, आणि त्या ते पाळतातही. मात्र मधेच "अहो, डबीतले तेल संपत आलेय," अशी सूचना त्यांच्याकडूनच येते आणि ती महत्त्वाची असते. डबी रिकामी झाली की पुन्हा हवा शिरते आणि पहिल्यापासून सुरुवात! हे तेल रंग खाते, म्हणून सांडले तर लगेच पाण्याने धुवावे. डबी उघडण्यापूर्वी झाकणाभोवतीची वाळू पुसावी. आत गेलेला एक कण वायसर कापायला पुरेसा असतो.

आणखी दोन सूचना. ब्रेकची धूळ तोंडाने फुंकू नये किंवा हवेच्या झोताने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे आणि ते फुप्फुसात जाणे घातक. ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. आणि नवे पॅड बसवल्यावर गाडी सुरू करण्याआधी लिव्हर कडक होईपर्यंत चार-सहा वेळा दाबावी, नाही तर पहिल्या वळणावर हातात नुसती ढिली लिव्हर येते. त्यानंतर सपाटीवर माणसाच्या चालीच्या वेगाने थांबवून पाहावे.

खारे पाणी, वाळू आणि एक तरुण

समुद्रकाठी या गाडीचे दोन हाडवैरी आहेत. वाळू पॅड आणि थाळी यांच्यात शिरून कानशीसारखी घासते. खारे पाणी खिट्ट्या आणि दट्टे गंजवते. म्हणून किनाऱ्यावरून आल्यावर गाडी त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवावी. पाण्याचा जोरदार झोत मात्र सिलांवर मारू नये, तो वाळू आतच ढकलतो. धुतल्यावर सावकाश चालवत ब्रेक हलकेच लावावेत, म्हणजे ते वाळतात. ओढा किंवा डबके ओलांडल्यावरही हेच करावे, कारण ओले पॅड पहिल्या क्षणी घसरतात. आणि गंज दिसला म्हणून थाळीवर तेल फवारू नये. असा उत्साही गृहस्थ मी पाहिलेला आहे. त्यांची थाळी चकचकीत झाली आणि गाडी थेट पेरूच्या झाडाला जाऊन थांबली.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही नातवाला घेऊन एका किनाऱ्यावर गेलो होतो. आठ वर्षांचा मुलगा, रांगेत लाल-पिवळ्या गाड्या उभ्या, मग काय विचारता! पोराने हट्ट धरला. गाडीवाला तरुण हसतमुख होता. मी जवळ जाऊन उजवी लिव्हर दाबली, ती सरळ हँडलला टेकली. डावी दाबली, ती मऊ. वाकून पाहिले तो मागच्या पॅडवर मसाल्याचा लवलेश नाही, लोखंडावर लोखंड घासत होते.

मी म्हणालो, "या गाडीवर मी याला बसवणार नाही."

"काका, दिवसभर पोरं फिरतायत. इथे कुठे घाट आहे? सपाट वाळू तर आहे," तो म्हणाला.

नातू रडू लागला. आजूबाजूची मंडळी, हा कोण कटकट्या म्हातारा, अशा नजरेने पाहू लागली. मी त्याला म्हटले, "वाळू सपाट आहे, पण वाळूवर माणसेही आहेत. तो बघ, ते लहान मूल किल्ला बांधतेय. याच्यासमोर ते धावत आले तर?"

तो गप्प झाला. मग हळू आवाजात म्हणाला, "पाच गाड्या आहेत, काका. हप्ते चालू आहेत. मिस्त्री तालुक्याहून येतो, त्याचा एक दिवस म्हणजे माझा एक दिवस बुडतो."

त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती, अडचण होती. मी त्याला सांगितले की पॅड बदलायला मिस्त्री लागत नाही, दोन पाने लागतात. दुसऱ्या दिवशी सकाळी धंदा सुरू होण्याआधी आम्ही दोघे वाळूत बसलो. पाचपैकी तीन गाड्यांचे पॅड संपलेले निघाले आणि एकीची नळी चिरलेली. पॅड त्याने तालुक्याहून मागवून घेतले. चिरलेल्या नळीची गाडी मात्र मी सांगण्याआधीच त्याने रांगेतून बाहेर ओढली आणि तिच्यावर ताडपत्री टाकली. सुट्टीच्या ऐन हंगामात एका गाडीचे उत्पन्न सोडणे सोपे नसते. त्या मुलाविषयी मला आदर वाटला. नातवाची चक्कर तिसऱ्या दिवशी झाली. डोक्यावर हेल्मेट, लहान मुलांची छोटी गाडी आणि वेग माझ्या चालण्याइतका.

दोन मिनिटे घालवा

वाचकहो, तुम्ही मिस्त्री नाही, होण्याची गरजही नाही. पण या सुट्टीत कोणी तुमच्या मुलाला एटीव्हीवर बसवू लागला, तर दोन मिनिटे एवढेच करा. दोन्ही लिव्हर दाबून पाहा. कडक लागतात का? हँडलला टेकत नाहीत ना? पायाचा ब्रेक असेल तर तोही दाबा. ब्रेक लावून धरा आणि गाडी ढकलून पाहा. ती हलता कामा नये. चाकाजवळ तेलाचे ओघळ आहेत का, पाहा. शेवटी गाडीवाल्यालाच ती दहा पावले चालवून थांबवून दाखवायला सांगा. कानाला खरखर ऐकू आली तर नम्रपणे नमस्कार करून पुढे चला. आणि एक लक्षात ठेवा. बैठक लांब असते ती चालवणाऱ्याने पुढेमागे सरकून तोल सांभाळावा म्हणून. मागे दुसरा माणूस बसावा म्हणून नव्हे. मोठ्यांसाठी बनवलेली गाडी सोळा वर्षांखालच्या मुलांच्या हाती देऊ नये, असा अमेरिकेतल्या ग्राहकसुरक्षा आयोगाचा सल्ला आहे, आणि तो आपल्याकडेही तितकाच खरा आहे.

मेव्हण्याच्या बागेत आता एक वही टांगलेली आहे. गाडी चालवणारा गडी रोज सकाळी लिव्हर दाबतो, डबीतले तेल पाहतो आणि वहीत खूण करतो. सुरुवातीला मेव्हणा म्हणाला होता, "भावोजी, हे कारखान्यातले सोपस्कार इथे कशाला?" मी म्हणालो, "गाडी तुझी आहे, पण उतारावर ती चालवतो तो. जीव त्याचा आहे. तेव्हा गाडी आज काढायची की नाही, हे ठरवायचा अधिकारही त्याचाच पाहिजे." गेल्या मे महिन्यात, आंबा ऐन भरात असताना, त्या गड्याने एका सकाळी वहीत फुली मारली आणि गाडी काढली नाही. मागच्या नळीच्या जोडाशी तेलाचा एक थेंब होता, एवढाच. करंड्या त्या दिवशी पुन्हा डोक्यावरून उतरल्या. मेव्हणा कुरकुरला, पण त्याने गड्याला गाडी काढायला लावले नाही. दुपारी नवे वायसर आले, संध्याकाळी गाडी पुन्हा चालू झाली.

बैल गेला अन् झोपा केला, असे आपल्यात म्हणतात. झोपा बांधायला दहा मिनिटे लागतात, गेलेला बैल मात्र परत येत नाही. दसऱ्याला आपण यंत्राची पूजा करतो, हँडलला झेंडूची माळ घालतो. ते अवश्य करावे. फक्त माळ ब्रेकच्या केबलीत अडकत नाही ना, तेवढे पाहावे आणि हळदकुंकू लावून झाले की लिव्हर एकदा दाबून पाहावी.